नखांवरून आजाराची शंका कधी घ्यावी: नव्याने शिकणाऱ्यांसाठी क्रमवार माहिती

नखावर पांढरा ठिपका दिसला की ‘कॅल्शियम कमी झालंय’ असं सांगणारं कोणीतरी भेटतंच. ते खरं नाही. असा ठिपका बहुतेक वेळा नखाच्या मुळाला लागलेल्या किरकोळ माराचा असतो, आणि नख वाढेल तसा पुढे सरकत कापला जातो. याउलट बोटांची टोकं हळूहळू फुगीर होतात, नख घुमटासारखं गोल होतं. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून महिनोन्‌महिने त्याकडे कोणी बघत नाही. पण ही खूण फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या गंभीर आजाराची असू शकते. नको तिथे घाबरायचं आणि जिथे धावायला हवं तिथे निर्धास्त राहायचं, असं आपल्याकडून होतं. ते टळावं म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. नुसत्या नखावरून निदान होत नाही. कुठे शोधायचं आणि किती घाईने शोधायचं, एवढंच नख सांगतं. पण ‘एवढंच’ असलं तरी ते फार मोलाचं आहे.

पायरी १: नख कसं वाढतं ते समजून घ्या

दिसणारं नख म्हणजे केराटिन या प्रथिनाचा कडक, निर्जीव पापुद्रा. तो तयार होतो कातडीखाली लपलेल्या नखमुळात. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी फिकट अर्धचंद्र दिसतो, तो याच नखमुळाचा डोकावणारा भाग. नखाखाली रक्तवाहिन्यांनी भरलेली गादी असते. नखाचा गुलाबी रंग नखाचा नाही, या गादीचा असतो.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत यायला जवळपास सहा महिने. पायाची नखं याच्या निम्म्या वेगाने किंवा त्याहून हळू वाढतात. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला १२ ते १८ महिने लागतात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे सतत लागणार आहेत. आज टोकाशी दिसणारी खोच पाच-सहा महिन्यांपूर्वी पडलेली आहे.

पायरी २: बघण्याची तयारी

नेलपॉलिश पूर्ण काढा, हातांचीही आणि पायांचीही. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बसा. पिवळ्या दिव्याखाली पिवळेपणा कळत नाही आणि निळेपणा तर मुळीच नाही. हात सैल सोडा, कारण बोटं दाबून धरली की गादीतलं रक्त सरकतं आणि रंग फसवतो. हात थंडगार असतील तर आधी ऊब येऊ द्या.

मग दहाही नखं बघा. एकदा वरून, एकदा बोट डोळ्याच्या पातळीवर आणून बाजूने. बाजूने बघायला बहुतेक जण विसरतात, आणि आकाराचे महत्त्वाचे बदल नेमके बाजूनेच कळतात. फोटो काढा, तारीख नोंदवा. नखांचे बदल इतके संथ असतात की स्मरणशक्तीवर विसंबण्यात अर्थ नाही.

जेल पॉलिश खरवडून काढू नका. नखाचे वरचे थर त्याबरोबर निघतात, पांढरे खरखरीत डाग पडतात आणि मग तेच डाग आजाराचे वाटायला लागतात.

पायरी ३: नाव शोधण्याआधी तीन प्रश्न विचारा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. लोक नखाचा फोटो दुसऱ्या फोटोंशी ताडून बघतात आणि सगळ्यात भयंकर नावाशी जाऊन थांबतात. त्याआधी हे तीन प्रश्न विचारले तर बहुतेक भीती तिथेच ओसरते, आणि खरी काळजीची गोष्ट असेल तर तीही वेगळी उठून दिसते.

पहिला प्रश्न: एकच नख की अनेक? एकाच नखात बदल असेल तर कारण बहुधा त्याच बोटात असतं: मार, बुरशी, चामखीळ, क्वचित गाठ. अनेक नखं एकसारखी बदलली असतील तर शरीरातला आजार, एखादं औषध किंवा त्वचेचा विकार मनात आणायला हवा.

दुसरा: कधीपासून? जन्मापासून किंवा लहानपणापासून असलेली आणि घरात इतरांनाही असलेली ठेवण वेगळी, आणि गेल्या काही महिन्यांत झालेला बदल वेगळा.

तिसरा: बदल पुढे सरकतो का? नखाच्या मागच्या कातडीच्या कडेपासून डागापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. महिन्याने पुन्हा मोजा. अंतर सुमारे ३ मिलिमीटरने वाढलं असेल तर डाग नखाच्या पापुद्र्यात आहे आणि वाढीबरोबर निघून जाईल. जागचा हलला नसेल तर मूळ कारण खालच्या गादीत किंवा नखमुळात असून ते अजून चालू आहे.

या एका मोजमापाने काय साधतं त्याचं उदाहरण घ्या. नखांवर आडव्या पांढऱ्या पट्ट्या दोन प्रकारच्या असतात. मीस रेषा पापुद्र्यात असतात, म्हणून पुढे सरकतात. आर्सेनिकच्या विषबाधेत किंवा केमोथेरपीनंतर त्या दिसू शकतात. म्यूरके रेषा जोडीने येतात, सरकत नाहीत आणि नख दाबलं की पुसट होतात, कारण त्या गादीतल्या असतात. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन बरंच खाली गेल्यावर त्या उमटतात आणि अल्ब्युमिन सुधारलं की जातात. तेव्हा लघवीतून प्रथिन जातंय का आणि यकृत नीट काम करतंय का, हे तपासतात. दिसायला दोन्ही पांढऱ्या आडव्या रेषाच, पण शोधाची दिशा पूर्ण वेगळी.

पायरी ४: आकार

इथे दोनच गोष्टी शिका, पण नीट शिका.

पहिली क्लबिंग, म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं बोटांची टोकं फुगीर होणं. सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसने छातीत पू झालेल्या रुग्णांमध्ये तिचं वर्णन केलं होतं आणि आजही डॉक्टर रुग्णाचे हात हातात घेऊन आधी हीच शोधतात. सुरुवातीला नखाच्या मुळाशी दाबलं तर ते स्पंजासारखं मऊ, तरंगतं लागतं. नंतर नख आणि त्यामागची कातडी यांच्यातला कोन भरून निघतो. निरोगी बोटात हा कोन साधारण १६० अंशांचा असतो, म्हणजे बाजूने बघितलं तर तिथे छोटी खोलगट जागा दिसते. क्लबिंगमध्ये तो १८० अंशांच्या पुढे जातो, खोलगटपणा नाहीसा होतो आणि शेवटी बोटाचं टोकच फुगतं.

तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही हातांची तर्जनी घ्या आणि शेवटची पेरं पाठीला पाठ लावून, नखाला नख टेकवून उजेडाकडे धरा. दोन्ही नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसायला हवी. ती फट दिसत नसेल तर क्लबिंगची शंका घ्यायची. दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ मध्ये ही खूण मांडली, तीही स्वतःच्या बोटांवर पाहून. त्यांना हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग झाला होता आणि त्या आजारात त्यांच्याच बोटांची फट बुजलेली त्यांना दिसली. मनगटं आणि बोटं सरळ ठेवून, दोन-तीन वेगवेगळ्या बोटांवर बघा. बोट वाकडं धरलं तर फट खोटीच बुजते.

हे का होतं? बऱ्याच तज्ज्ञांना पटणारं स्पष्टीकरण असं: प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकून फुटतात. फुप्फुसात बिघाड असला, किंवा हृदयातल्या छिद्रामुळे रक्त फुप्फुसाला वळसा घालून गेलं, तर त्या पेशी थेट बोटांच्या टोकांपर्यंत पोचतात. तिथे त्यांच्यातून वाढीला चालना देणारी द्रव्यं सुटतात आणि रक्तवाहिन्या व मऊ ऊती वाढतात.

कारणांच्या यादीत फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुस निबर होण्याचा आजार, श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार (ब्राँकिएक्टेसिस), फुप्फुसातला किंवा छातीतला पू, ओठ निळे पडणारे जन्मजात हृदयविकार, झडपांचा संसर्ग, आतड्यांचे दाहाचे आजार आणि यकृत निबर होण्याचा आजार (सिरोसिस) येतात. काही घराण्यांत ते निर्दोषपणेही असतं. एक सूचना मात्र ठळकपणे करतो. धूम्रपानामुळे दमलेल्या फुप्फुसांचा जो नेहमीचा आजार, सीओपीडी, त्यात एकट्याने क्लबिंग होत नाही. म्हणून जुना खोकला असलेल्या माणसाची बोटं नव्याने फुगू लागली तर ‘जुनंच दुखणं आहे’ म्हणून सोडू नका, छातीची तपासणी करून घ्या.

दुसरी गोष्ट चमच्यासारखं नख. आधी नख पातळ आणि सपाट होतं, मग मधोमध खोल जाऊन कडा वर येतात. शंका असेल तर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब नखावर सोडा. ओघळून न जाता तो टिकून राहिला तर नख खोलगट आहे. मोठ्या माणसांत याचं नेहमीचं कारण लोहाची कमतरता. फक्त हिमोग्लोबिन बघून थांबू नका, फेरिटिनही तपासा, कारण लोहाचा साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन काही काळ ठीक दिसू शकतं. आणि लोह कमी निघालं तर ‘कशामुळे’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे: पाळीतला जास्त रक्तस्राव, पोटातून झिरपणारं रक्त, आतड्यात लोह न शोषलं जाणं. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. शरीरात लोह साठून राहण्याच्या हिमोक्रोमॅटोसिस या आजारातही नखं अशीच खोलगट होऊ शकतात, आणि तिथे गोळ्यांनी नुकसानच होईल. तान्ह्या मुलांच्या पायाच्या अंगठ्याचं नख मात्र असं असणं नैसर्गिक आहे, वाढत्या वयात ते आपोआप सरळ होतं.

पायरी ५: खोचा, रेषा, खड्डे

नखावर आडवी खोच, आणि तीही अनेक नखांवर मुळापासून साधारण सारख्या अंतरावर: ही बो रेषा. फ्रेंच वैद्य जोसेफ बो यांनी १८४६ मध्ये ती नोंदवली. मोठा ताप, न्यूमोनिया, मोठी शस्त्रक्रिया, केमोथेरपी अशा वेळी नखमुळाचं काम काही दिवस मंदावतं आणि त्या थांब्याची खोच उरते. आता वाढीचा वेग वापरा. खोच मुळापासून ६ मिलिमीटरवर असेल तर घटना साधारण दोन महिन्यांपूर्वीची. केमोथेरपी घेणाऱ्यांच्या नखांवर प्रत्येक फेरीची एक अशा ओळीने खोचा दिसू शकतात. आजार होऊन गेलेला असेल आणि प्रकृती सुधारत असेल तर वेगळ्या उपचाराची गरज नसते.

लहान मुलांच्या आईवडिलांसाठी खास: हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार बरा झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी मुलाचं नख मुळापासून सुटून येऊ शकतं. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण खालून नवं नख येत असतं. ओढून काढू नका, अडकणारी कड कापून टाका.

उभ्या बारीक रेषा वयानुसार वाढतात. त्यांची काळजी करू नका. फक्त अंगठ्याच्या मधोमध शिडीसारख्या आडव्या खोचांची रांग असेल तर त्या माणसाला दुसऱ्या बोटाने नखाच्या मागची कातडी खरवडायची सवय आहे का ते बघा. बऱ्याचदा ती सवय त्याच्या स्वतःच्याही ध्यानात नसते.

टाचणी टोचल्यासारखे खड्डे दिसले तर सोरायसिस आठवा. त्यात खड्डे खोल आणि अस्ताव्यस्त असतात, नखाखाली तेल सांडल्यासारखा पिवळसर-तांबूस डाग दिसतो, नख टोकाकडून गादीपासून सुटतं. अंगावर चट्टे नसतानाही हे होऊ शकतं. सोबत बोटांच्या शेवटच्या सांध्यात सकाळी आखडलेपणा किंवा सूज असेल तर संधिवाततज्ज्ञांना लवकर दाखवा, कारण नखांचा सोरायसिस असलेल्यांत सांध्यांच्या सोरायसिसची शक्यता जास्त असते आणि झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. चाई पडण्याच्या विकारातही खड्डे येतात, पण ते बारीक आणि रांगेत असतात.

नख टोकाकडून सुटण्यामागे सतत पाण्यात हात, मार किंवा बुरशी असू शकते. अनेक नखं सुटत असतील आणि सोबत धडधड, घाम, वजन घटणं असेल तर थायरॉइड तपासा.

पायरी ६: रंग

*पांढरा.* ठिपक्यांचं वर आलंच. पण जवळजवळ अख्खं नख दुधी काचेसारखं पांढरं, अर्धचंद्र नाहीसा आणि टोकाशी फक्त १-२ मिलिमीटरची गुलाबी-तपकिरी पट्टी, असं सगळ्या नखांना असेल तर त्याला टेरी नखं म्हणतात. १९५४ मध्ये सिरोसिसच्या रुग्णांत हे वर्णन झालं. हृदय कमजोर असताना, मधुमेहात आणि नुसत्या वार्धक्यातही ते दिसतं. मागचा अर्धा पांढरा आणि पुढचा अर्धा तपकिरी, मध्ये स्पष्ट सीमा, असं दिसलं तर मूत्रपिंडं तपासावीत: रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी.

*निळा.* थंडीत बोटं पांढरी, मग निळी, मग उबेने लाल होत असतील तर तो बोटांच्या वाहिन्या आकसण्याचा त्रास, सवडीने दाखवा. पण नखांबरोबर ओठ आणि जीभही निळसर दिसत असतील आणि धाप लागत असेल तर ही तातडीची वेळ आहे, लगेच रुग्णालय गाठा. गडद वर्णाच्या माणसात नखांपेक्षा जीभ आणि ओठांची आतली बाजू बघणं जास्त भरवशाचं. बोटाला ऑक्सिमीटर लावताना गडद नेलपॉलिश काढा, आकडा चुकू शकतो.

*पिवळा.* गडद पॉलिशचे डाग, तंबाखू, बुरशी ही नेहमीची कारणं. सगळी नखं पिवळी, जाड, वाढ जवळजवळ थांबलेली, आणि सोबत पायांवर सूज किंवा जुना खोकला असेल तर मात्र छातीत पाणी झालंय का ते बघावं लागतं. हे विरळ आहे.

*लालसर बारीक रेघा.* नखात काटा घुसल्यासारख्या उभ्या, लहान, तपकिरी-लाल रेघा टोकाशी असतील तर बहुधा मार लागलेला असतो. पण अनेक नखांत, मुळाच्या बाजूला, आणि सोबत अंगात मुरलेला ताप असेल तर हृदयाच्या झडपेचा संसर्ग नाही ना, हे त्याच दिवशी तपासायला हवं. झडपेचा जुना आजार किंवा कृत्रिम झडप असेल तर जास्तच.

*काळा.* इथे मी सगळ्यात जास्त आग्रह धरेन. गडद वर्णाच्या लोकांत अनेक नखांवर मुळापासून टोकापर्यंत तपकिरी उभे पट्टे असणं सामान्य आहे आणि वयानुसार ते वाढतातही. दार बोटावर आपटून साकळलेलं रक्तही काळं दिसतं, पण ते मोजमापात पुढे सरकतं आणि मुळाकडे स्वच्छ नख येऊ लागतं. काळजी करायची ती मोठ्या माणसाच्या एकाच नखावर नव्याने आलेल्या पट्ट्याची, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर. पट्टा ३ मिलिमीटरहून रुंद, कडा अस्पष्ट, मुळाशी जास्त रुंद होत चाललेला, नख मध्येच चिरतंय, किंवा काळा रंग नखाबाहेर कातडीवर पसरतोय, यातलं काहीही दिसलं तर तो मेलॅनोमा हा कर्करोग नाही, याची खात्री त्वचारोगतज्ज्ञांकडून करून घ्या. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालची जखम आधी फुटबॉल खेळताना लागलेली समजली गेली. १९७७ मध्ये तो मेलॅनोमा निघाला आणि १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले. ‘लागलं असेल’ हे वाक्य मनात आलं तर महिनाभराचं मोजमाप करा. डाग सरकला नाही, तर मार समजून थांबू नका. आणि वरच्या खुणांपैकी एखादी असेल तर महिनाही थांबू नका.

पायरी ७: नखाभोवतीची कातडी

नखुरडं सगळ्यांना माहीत असतं: एका बाजूला ठणका, लाली, पू. मधुमेह असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. सहा आठवड्यांहून जास्त काळ रेंगाळणारी सूज बहुधा सतत ओल्या हातांची असते. हात कोरडे राखणं हाच मुख्य उपचार. नखाच्या मागच्या कातडीवर लालसर फाटक्या कडा, ठिपक्यांसारख्या फुगलेल्या वाहिन्या, आणि सोबत थंडीत बोटं पांढरी पडणं किंवा स्नायूंत अशक्तपणा असेल तर स्वतःच्या शरीरावर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीचे आजार तपासतात.

एकाच नखाखाली निळसर ठिपका, पेन्सिलीच्या टोकाने दाबलं तर जीव घेणारी कळ, थंड पाण्याने ती वाढते: ही ग्लोमस गाठ असू शकते. ती सहसा साधी असते, काढल्यावर दुखणं थांबतं, पण नख वरून ठीक दिसत असल्याने रुग्णाला वर्षानुवर्षं कोणी खरं मानत नाही.

पायरी ८: डॉक्टरांकडे जाताना

पॉलिश काढून जा. तारखेचे फोटो, मोजलेली अंतरं, गेल्या सहा महिन्यांतले आजार आणि सगळ्या औषधांची यादी जवळ ठेवा. बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी नक्की सांगा. नखांसाठी म्हणून खपणाऱ्या या गोळ्या थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीत खोटे आकडे दाखवू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता.

नख जाड आणि खडबडीत झालंय म्हणून बुरशीची औषधं आपल्याच मनाने सुरू करू नका. सोरायसिस हुबेहूब तसाच दिसतो, आणि बुरशीची पोटातली औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, त्यांचा यकृतावर ताण येऊ शकतो. आधी नखाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. आधीपासून मलम लावलं असेल तर तेही सांगा, कारण त्यामुळे बुरशी असूनही अहवाल कोरा येऊ शकतो.

उपचार सुरू झाल्यावर बिघडलेला भाग सुधारत नाही, तो पुढे ढकलला जातो. म्हणून दर महिन्याला त्याच उजेडात फोटो काढा आणि मुळाशी नव्याने आलेले ३ मिलिमीटर बघा. ते गुळगुळीत आणि गुलाबी असतील तर औषध लागू पडतंय. हाताच्या नखांना सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याला दीड वर्षापर्यंत वेळ द्या.